खारपाणपट्ट्यातलं जुनं कवेलूचं वसतिगृह: मृगाआधी काय काय करून घ्यावं?

नवा गृहपाल

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या कॉलेजचं मुलांचं वसतिगृह स्वातंत्र्याच्या आधीचं आहे. गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे विहिरींचं पाणी खारं लागतं तिथे, भर काळ्या जमिनीत. इमारतीचं जोतं काळ्या दगडाचं, त्यावर चुन्यातल्या दीड फुटी विटांच्या भिंती, सागवानी कैच्या (छत पेलणारे तिकोनी सांगाडे) आणि वर इंग्रजी कवेलू, म्हणजे मंगलोरी कौलं. मधे चौक, चारी बाजूंनी व्हरांडा. खोल्या ३०, खोलीत दोघे, म्हणजे ६० मुलं. बहुतेक कोरडवाहू शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची. नव्या सत्रापासून गृहपालाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

संस्थेत दोन मतं आहेत. काहींना वाटतं, पाडून सिमेंटचं बांधावं. माझं मत वेगळं आहे. बाहेर ४५ अंश असताना या खोल्या नव्या स्लॅबच्या इमारतीपेक्षा गार असतात, हे हात लावून कळतं. पण भिंतींना तडे आहेत, पावसात गळतं, खालच्या तीन फुटांत पोपडे निघतात, उन्हाळ्यात कूलर लागले की फ्यूज उडतो आणि मेसच्या हिशेबावरून दर दिवाळीला भांडण होतं. पैसा थोडा आहे. मुलं यायच्या आत काय करून घ्यावं, कशाला हात लावू नये आणि रोजचा कारभार कसा बसवावा, हे जाणत्यांनी सांगावं.

सागवान

आधी पाणी, मग बाकी सगळं. अशा इमारती म्हातारपणाने पडत नाहीत, चुकीच्या जागी मुरलेल्या पाण्याने पडतात. तुमच्या पाचपैकी तीन तक्रारी पाण्याच्याच आहेत.

छतापासून धरा. कवेलू फेरायचं, म्हणजे काढून नीट पुन्हा रचायचं काम मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी संपलं पाहिजे. वर जाणाऱ्याने कवेलूवर थेट पाय देऊ नये, फळी टाकून त्यावर चालावं, नाहीतर दुरुस्तीला चढलेला माणूसच दहा फोडून उतरतो. प्रत्येक कवेलू बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द आवाज आला तर केसासारखी चीर आहे, तो काढायचा. १०० चौरस फुटांना साधारण १४० ते १५० कवेलू लागतात. दोनशे-तीनशे कवेलू कायम शिल्लक रचून ठेवा, कारण आपल्याकडे वानरं आहेत. छतापासून निदान पंधरा फुटांच्या आतल्या फांद्या छाटा आणि मेसचं उष्टं उघड्यावर टाकणं बंद करा. वानरं उष्ट्यासाठी येतात आणि जाताना कवेलू सरकवून जातात.

चौकाची इमारत असली की सर्वांत जास्त गळती चार आतल्या कोपऱ्यांत असते. दोन उतार जिथे मिळतात तिथे पत्र्याची पन्हळ असते. निंबाचा पाला तिच्यात साचतो, पाणी तुंबतं आणि पत्र्याच्या काठावरून आत शिरतं. पत्रा गंजला असेल तर बदला: रुंदी दीड फुटाच्या खाली नको, दोन्ही बाजूंचे कवेलू त्यावर चार-चार बोटं आले पाहिजेत. याच कोपऱ्यांखाली कैचीची टोकं भिंतीत गेलेली असतात. सागवानाच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही, पण भिंतीत गाडलेलं आणि वर्षानुवर्षं ओलं राहिलेलं टोक कुजतं. पेचकस घेऊन प्रत्येक टोकाला टोचून बघा. पाव इंचाहून जास्त सहज आत गेला तर तेवढा कुजका भाग कापून नवीन सागवानाचा सांधा बोल्टने जोडता येतो. अख्खी कैची बदलायला सांगणारा मिस्त्री भेटला तर दुसरा बघा.

आता तडे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आपल्या वावरात वैशाखात भेगा पडतात तेच जोत्याखालीही होतं. म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा गेलेला तडा मे महिन्यात रुंद आणि भाद्रपदात अरुंद दिसतो. तसा असेल तर घाबरू नका. ओळखायचं असं: तड्यावर आडवी पातळ काचेची पट्टी, तीन इंच लांब, दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. तड्याच्या दोन्ही कडांवर पेन्सिलीने खूण करून अंतरही मोजून ठेवा. ऋतूप्रमाणे उघडझाप होत असेल तर मातीचं काम आहे. दोन वर्षं सलग फक्त वाढतच असेल, किंवा भिंत ओळंब्याला बाहेर झुकली असेल, तर पाया बसतोय. मग स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, तिथे कंजूषी करू नका.

मे महिन्यात उघडलेला तडा कडक सिमेंटने भरू नका. पावसाळ्यात माती फुगली की भिंत मिटायला बघते, मधे सिमेंटची पाचर बसलेली असते आणि नवा तडा शेजारी पडतो. भरायचाच तर नरम चुन्याने भरा. खरा इलाज जोत्याभोवती आहे. मातीतली ओल वर्षभर सारखी राहिली तर हालचाल थांबते. म्हणून जोत्याला लागून तीन-चार फूट रुंदीची फरशी, तीन फुटाला दीड इंच उतार बाहेरच्या बाजूला, त्याच्या पुढे नाली. छताचं पाणी त्या नालीत पडलं पाहिजे, जोत्याशी नको. न्हाणीघराचा गळका पाइप सर्वांत घातक, कारण एका कोपऱ्याखालची माती बारा महिने फुगलेली आणि बाकीची कोरडी राहते. भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप नुसतं उपटू नका, मूळ आत राहतं आणि दुप्पट जोराने फुटतं. सांध्यातला चुना मोकळा करून मुळासकट काढा आणि खाच पुन्हा चुन्याने बंद करा.

पोपड्यांचं कारण बहुधा मागे कुणीतरी केलेली दुरुस्ती आहे. खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात आणि मातीत क्षार भरपूर. ओल जोत्यातून वर चढते, चुन्याच्या गिलाव्यातून ती आपोआप बाहेर सुकते. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट मारला की ओल आत कोंडते, क्षार पृष्ठभागामागे साठतात, त्यांचे खडे फुगून गिलावा ढकलतात. यालाच आपण लोणा म्हणतो. सिमेंटचा भाग विटेपर्यंत खरवडून काढा, भिंत दोन-तीन आठवडे उघडी सुकू द्या, कोरड्या ब्रशने क्षार झाडा, पाण्याने धुवू नका. मग चुना आणि वाळू १:३ प्रमाणात. चुना भिजवून निदान पंधरा दिवस मुरलेला हवा. गिलाव्याला नदीची गोडी वाळू आणि नळाचं पाणी वापरा, विहिरीचं खारं पाणी वापरलं तर रोग परत आत घातला असं होईल. शेवटी पातळ चुन्याचे तीन हात. चुन्यात डिंक घाला. काही ठिकाणी मीठ घालतात, ते आपल्या भागात अजिबात नको. चुना कालवताना डोळ्यांना चष्मा लावायला मजुरांना सांगा, तो डोळ्यात उडाला तर इजा कायमची होऊ शकते.

तारजोडणी

फ्यूज का उडतो ते आकड्यांत बघा. ३० कूलर, प्रत्येकी साधारण २०० वॅट, म्हणजे ६ किलोवॅट. ३० जुने पंखे ७५ वॅटचे, सव्वादोन. ट्यूबलाइट अर्धा-पाऊण. ६० मुलांचे मोबाइल-लॅपटॉप एकदम लागले तर तीन-साडेतीन. पाण्याची मोटर वेगळी. ती धरून बेरीज साडेबारा ते पंधरा किलोवॅटवर जाते. जुन्या वसतिगृहांचा मंजूर भार यापेक्षा बराच कमी असतो. बिलावर आकडा छापलेला असतो, आजच बघा. महावितरणकडे थ्री-फेज आणि वाढीव भाराचा अर्ज करा आणि दहा-दहा खोल्या एकेका फेजवर वाटा. पंखे ३० वॅटच्या बीएलडीसी जातीचे बसवले तर पंख्यांचा भार निम्म्याहून खाली येतो.

लाकडी पट्टीवरची रबरी तार शिल्लक असेल तर ती ठेवूच नका. रबर कडक होऊन वाकवलं की तडकतं, आणि वर कोरडं सागवान आहे. नवी तार तांब्याची: दिवे-पंख्याला १.५ चौरस मिलिमीटर, प्लगला २.५. पण भिंतीत झिरी कापून पाइप गाडू देऊ नका. चुन्याची भिंत झिरीने फाटते आणि तिथेच ओल धरते. बाहेरून केसिंग-कॅपिंग करा, दिसायला फार वाईट दिसत नाही आणि दुरुस्ती सोपी पडते.

आता मुख्य गोष्ट. विदर्भात दर उन्हाळ्यात पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. ओले हात, ओली फरशी, लोखंडी बॉडी आणि अर्थिंग नसलेला दोन पिनांचा प्लग, एवढं पुरतं. म्हणून:

– प्रत्येक कूलरला तीन पिनांचा प्लग आणि तिसऱ्या पिनची तार बॉडीला घट्ट बोल्टने. पंपाची जोड तार पाण्याच्या पातळीच्या वर बांधलेली.
– प्रत्येक फेजवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पडणारा स्विच. जादा भाराला पडणारा एमसीबी तार वाचवतो, माणूस आरसीसीबी वाचवतो. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून बघा, पडला नाही तर बदला.
– पाणी भरताना, कूलरच्या ताट्या (गवत भरलेल्या बाजू) हलवताना स्विच बंद आणि पिन बाहेर. नुसता स्विच पुरेसा नाही, जुन्या जोडणीत कधी कधी स्विच न्यूट्रलवर असतो.

अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून टेस्ट लॅम्पने तपासून घ्या. फेज आणि न्यूट्रलमधे दिवा जेवढा लागतो तेवढाच फेज आणि अर्थमधे लागला पाहिजे. मंद लागला तर अर्थ कमजोर. आपल्या खाऱ्या मातीत अर्थिंगची पट्टी लवकर गंजते, म्हणून खड्डा दर मे महिन्यात उघडून जोड बघा.

कूलर लावायची पद्धतही सांगतो, कारण निम्मे लोक दारं-खिडक्या बंद करून बसतात आणि मग घामाघूम होतात. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. ती बाहेर निघायला वाट हवी. जुन्या खोल्यांत समोरच्या भिंतीला वर झडपा असतात, त्या याच कामाच्या. चार बोटं उघड्या ठेवा. कुणी खिळे ठोकून त्या बंद केल्या असतील तर मोकळ्या करा, दोऱ्या बदला. पावसाळा लागला की हवेतच ओल असते, तेव्हा कूलर कामाचा नाही, नुसता पंखा.

थाळीहिशेब

दिवाळीच्या भांडणाचं मूळ एका भागाकारात आहे. बहुतेक मेसमधे महिन्याचा सगळा खर्च जोडतात आणि एकूण हजेरीने भागतात. पण खर्च दोन जातींचे आहेत. शिधा, भाजी, तेल हे खाणाऱ्यांच्या संख्येप्रमाणे कमीजास्त होतं. स्वयंपाकी आणि मदतनीस यांचा पगार होत नाही.

उदाहरण म्हणून पगार महिन्याला ३६,००० धरा. भरल्या महिन्यात ६० मुलं २८ दिवस जेवली, हजेरी १,६८०. पगाराचा वाटा दिवसाला साधारण २१ रुपये. दिवाळीच्या महिन्यात सरासरी दहाच दिवस हजेरी लागली तर ती ६००, वाटा थेट ६० रुपये. म्हणजे जो मुलगा गाडीभाडं नाही म्हणून किंवा परीक्षेसाठी थांबला, तोच सर्वांत महाग जेवतो. हा अन्याय आहे आणि मुलांना तो बरोबर जाणवतो. उपाय सोपा: पगार वेगळा काढा, ३६,००० भागिले ६०, दरमहा प्रत्येकी ६०० रुपये, घरी असो वा इथे. बाकी शिधा तेवढा हजेरीने भागा. गॅसचा १९ किलोचा सिलिंडर शिध्यातच धरा.

कटिंगचा, म्हणजे गैरहजेरीचे पैसे वजा करायचा नियम पहिल्या दिवशी छापून लावा. सलग तीन दिवसांपेक्षा कमी गैरहजेरीला कट नाही, आणि आदल्या रात्री नऊच्या आत वहीत सही हवी. तोंडी सांगितलेलं धरायचं नाही, मग तो कुणीही असो. पाहुण्याचं जेवण कुपनावर आणि पैसे आधी. वही रोज रात्री मेस सेक्रेटरी आणि स्वयंपाकी अशा दोघांच्या सहीने बंद करायची. सेक्रेटरी दर महिन्याला वेगळ्या खोलीतला, आणि खरेदी करणारा व हिशेब लिहिणारा एकच मुलगा नसावा. महिन्याचा गोषवारा पाच तारखेला भिंतीवर.

प्रमाणं. ६० मुलांच्या एका वेळेला:
पोळ्या चार-चार धरल्या तर २४०. एक किलो कणकेच्या २५ होतात, म्हणून साडेनऊ-दहा किलो. तांदूळ माणशी १०० ग्रॅम, सहा किलो. तूरडाळ माणशी ४० ग्रॅम, म्हणजे २.४ किलो. यापेक्षा कमी डाळीचं वरण पातळ लागतं आणि पोरं भातावर भात घेतात, वाचत काहीच नाही. भाजी माणशी १५० ग्रॅम, नऊ किलो, साफ करण्याआधीचं वजन दहा-साडेदहा. तेल दोन्ही वेळा मिळून माणशी ३० ग्रॅम पुरे, म्हणजे महिन्याला १५ किलोचे साडेतीन डबे. पाचवा डबा लागत असेल तर तेल कुठेतरी जातंय.

भाकरी आठवड्यातून दोनदाच जमते, मेहनत फार. किलोभर पिठाच्या नऊ-दहा. ज्वारीचं पीठ आठ दिवसांहून जुनं झालं की भाकरी थापताना फाटते आणि कडवट लागते. आठवड्यापुरतंच दळून आणा, पीठ जुनं निघालं तर उकळत्या पाण्याने मळा.

वरण शिजत नाही ही खारपाणपट्ट्यातली जुनी तक्रार. कारण पाणी. जड पाण्यातले क्षार डाळीचं साल-गर कडक करतात. सोडा टाकून शिजवू नका, डाळ शिजते पण त्यातलं ब जीवनसत्त्व जातं आणि चव साबणासारखी होते. डाळ, भात, चहा आणि कणीक एवढ्यासाठी धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी राखून ठेवा. वान किंवा शहानूरचं पाणी तुमच्याकडे ज्या दिवशी येतं त्या दिवशी मेसची टाकी आधी, बाकी नंतर. विहिरीचं पाणी भांडी, कपडे, फरशीला. डाळ तासभर भिजवून, मीठ शिजल्यावर.

तूर खरेदीचं एक सांगतो. आपल्याकडे तूर डिसेंबर-जानेवारीत निघते. दोन्ही वेळा मिळून महिन्याला साधारण १३५ किलो डाळ लागते. एक क्विंटल तुरीची डाळमिलमधे ७० किलोच्या आसपास डाळ पडते. मुलांच्या घरचीच तूर बाजारभावाने घेऊन ती रक्कम त्यांच्या मेसबिलात वळती केली तर बापाला अडत, हमाली, भाडं काही लागत नाही आणि मेसला माल डोळ्यासमोरचा मिळतो. काटा सर्वांसमोर करा, त्या दिवशीचा बाजार समितीचा भाव वहीत लिहा. तीन महिन्यांपुरतीच घ्या, डाळ कडक उन्हात वाळवून पत्र्याच्या कोठीत, नाहीतर भुंगा लागतो.

फीस्टला पनीर आणायचा आग्रह होईल. हिवाळ्यात एकदा गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांगे करून बघा, शेणाच्या गोवऱ्या गावात मिळतात, खर्च निम्मा आणि सगळी पातेली रिकामी होतात. सोल्यांची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी पौषात.

नवा गृहपाल

सर्वांचे मनापासून आभार. पगार वेगळा काढायची गोष्ट उद्याच्या बैठकीत मांडतो. दोन गोष्टी राहिल्या. उन्हाळ्यात आणि सुरुवातीच्या पावसात मुलं व्हरांड्यात जमिनीवर सतरंजी टाकून झोपतात. साप निघतात असं शिपाई सांगतो. आणि कूलरचं पाणी किती धरावं? टाकी १०,००० लिटरची आहे.

आरोग्यसेविका, वऱ्हाड

जमिनीवर झोपणं आधी बंद करा. यात सूट देऊ नका.

मण्यार रात्री फिरते, उंदीर आणि दुसरे साप शोधत घरात येते आणि झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही नीट दिसत नाही. मुलगा पहाटे उठतो, पोट दुखतं म्हणतो, उलटी होते. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शब्द जड येतात आणि शेवटी श्वास थांबतो. पावसाळ्यात रात्री धडधाकट झोपलेला मुलगा सकाळी पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या घेऊन उठला, तर ते पित्त समजून बसू नका. सरळ १०८ ला फोन करा आणि ग्रामीण रुग्णालय गाठा. जिथे सर्पदंशाची लस आहे तिथे. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते. नेताना मुलाला चालवू नका, दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, साप मारायला कुणी वेळ घालवू नये. लस कुठल्या रुग्णालयात आहे आणि रात्री डॉक्टर असतात का, हे जूनमधेच जाऊन विचारा आणि तो फोन नंबर व्हरांड्यात मोठ्या अक्षरात लावा.

व्हरांड्यात झोपायचं तर दीड फूट उंच खाट आणि मच्छरदाणी, तिची कड चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. लोंबती मच्छरदाणी कामाची नाही. मोरीच्या भोकाला जाळी. दाराखालची बोटभर फट लाकडी पट्टीने बंद. धान्य पत्र्याच्या कोठीत, म्हणजे उंदीर कमी, म्हणजे साप कमी. दुरुस्तीतले फुटके कवेलू आणि विटा भिंतीला लागून रचू नका, विंचवाला तीच जागा आवडते. बूट झटकून घालायची सवय लावा. लाल विंचू चावून मुलाला दरदरून घाम येत असेल आणि हातपाय गार पडले असतील तर तेही रुग्णालयाचंच काम, तिथे प्राझोसिन देतात.

ढेकणांसाठी एकेका खोलीत फवारणी करून काही होत नाही, ते शेजारच्या खोलीत सरकतात. पूर्ण बाजू एकाच दिवशी करा. मुलं यायच्या आधी लोखंडी खाटांच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता. गाद्या मे महिन्याच्या उन्हात काळ्या प्लास्टिकखाली दिवसभर ठेवा, दुपारी उलटा. अंडी फवाऱ्याने मरत नाहीत, म्हणून बारा-चौदा दिवसांनी दुसरा फवारा हवाच.

कूलरचं पाणी: कोरड्या उन्हात एक कूलर तासाला १० लिटरपेक्षा कमी पीत नाही, मोठा असेल तर २०. तीस कूलर दहा तास चालले तर कमीत कमी ३,००० लिटर. माणशी १३५ लिटरप्रमाणे ६० मुलांना ८,१०० लिटर लागतात. म्हणजे उन्हाळ्यात तुमची १०,००० ची टाकी पुरत नाही. कूलरला विहिरीचं पाणी वेगळ्या नळाने द्या. फक्त ते खारं आहे, पाणी उडून जातं आणि क्षार ताटीवर बसतात. तीन-चार दिवसांनी कूलरच्या टाकीतलं पाणी पूर्ण सोडा. आठवड्यातून एक दिवस कूलर पूर्ण कोरडा, आणि टाकीच्या बाजू ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी बाजूला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत, पुन्हा पाणी भरलं की फुटतात. पिण्याच्या टाकीत ब्लीचिंग टाकल्यावर तासाभराने ओटी टेस्टमधे क्लोरिन अर्धा पीपीएम दिसला पाहिजे. ग्रामपंचायतीच्या पाणी कर्मचाऱ्याकडे किट असतं.

दप्तरदार

खोल्यांच्या वाटपाचं कुणी लिहिलं नाही. गाववार, तालुकावार किंवा जातवार खोल्या पडू देऊ नका. अर्ज आले की मुलं आपापले गट करून येतात, तेव्हा चिठ्ठ्या टाका. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं ते सर्व जातींच्या मुलांनी एका छताखाली राहावं, एका पंगतीत जेवावं म्हणून. वऱ्हाडातल्या जुन्या वसतिगृहांची ती परंपरा आहे आणि ती चिठ्ठीच्या डब्यातच टिकते. पहिल्या वर्षाची मुलं मात्र एका बाजूला सलग खोल्यांत ठेवा. यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांतही तेच अपेक्षित आहे. रॅगिंग न करण्याचं हमीपत्र मुलाकडून आणि पालकाकडून, दोन्ही दरवर्षी लागतात. हेल्पलाइन १८०० १८० ५५२२, तीही भिंतीवर. राज्याचा १९९९ चा कायदा वेगळा आहे आणि तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने गप्प बसणं हाही त्यात गुन्ह्याला साथ देण्यासारखा धरला जातो.

प्रवेशाच्या वेळी एक टेबल फक्त महाडीबीटीच्या, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या अर्जासाठी ठेवा. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता ही योजना अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे, आणि ती सुटते ती बहुधा कागदासाठी. दोन हेक्टरपर्यंत जमीन असेल तर तहसीलचा अल्पभूधारक दाखला काढायला जूनमधेच सांगा, बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तेही तेव्हाच बघा. मुलगा कोणत्या अभ्यासक्रमाला आहे त्यावर पात्रता ठरते, म्हणून अर्जाआधी यादी तपासा.

आणि जुनी प्रवेश रजिस्टरं. दुरुस्तीच्या धामधुमीत पहिली तीच रद्दीत जातात. लोखंडी कपाटात ठेवा, कपाट भिंतीपासून सहा इंच दूर आणि खाली विटा. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, दोन्ही कागद खातात. मऊ ब्रशने धूळ झाडा, दिवसाच्या उजेडात मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढा, फाइलला वर्षाचं नाव द्या. पाडायचं की राखायचं या वादात ही रजिस्टरं तुमच्या बाजूने बोलतील. कोणत्या खेड्यातला पहिला पदवीधर इथे राहून शिकला, हे त्यांच्याशिवाय कुठेच लिहिलेलं नसतं.

नवा गृहपाल

कवेलू बदलायचे तर मिळतात कुठे? दुकानात आता पत्रेच दिसतात.

सागवान

गावातली जुनी घरं पडतात तिथे. स्लॅब टाकायला निघालेला मालक कवेलू स्वस्तात देतो, फक्त उतरवायला माणसं तुमची. जाताना तुमच्या छतावरचा एक अख्खा नमुना सोबत न्या. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कवेलूंच्या खाचा थोड्या वेगळ्या असतात, पाव इंचाचा फरक असला तरी एकमेकांत बसत नाहीत आणि तिथूनच गळतं. पाठीमागे कारखान्याचा ठसा असतो, तो जुळवा. नमुना त्यांच्या दोन कवेलूंच्या मधे बसवून वरून तांब्याभर पाणी ओता, खालून थेंब आला नाही तर घ्या. वेगळ्या ठशाचे स्वस्तात मिळाले तर फेकू नका, छताची एक अख्खी बाजू त्यांची करा आणि तुमचे निघालेले चांगले कवेलू बाकीच्या बाजूंना वापरा. फक्त एकाच उतारावर दोन ठसे मिसळायचे नाहीत. ट्रॅक्टरमधे आणताना आडवे रचू नका, उभे, मधे तुराट्या किंवा कडबा घालून.

पन्हळीचा पत्रा मात्र नवाच घ्या.